हरकतदाराची ओळख

मेलेली माणसं हुडकायची आणि ती पक्की मेली आहेत अशी शेठ लोकांची खात्री करून द्यायची, हा माझा चाळीस वर्षांचा धंदा. जळगावात मला 'सर्चवाले नाना' म्हणत. मी वकील नव्हतो, कारकून नव्हतो, आणि दलाल तर मुळीच नव्हतो. दलाल म्हटलं की माझं डोकं अजूनही फिरतं. जमीन घेणाऱ्याने आधी मला गाठायचं, सर्व्हे नंबर सांगायचा, आणि मी त्या जमिनीची कुंडली काढून द्यायची. ती कोणाकडून कोणाकडे आली, गहाण पडली आहे का, कोणा विधवेचा पोटगीचा हक्क चिकटलेला आहे का, कोणी भाऊ रुसून नागपुराकडे गेला आणि उद्या परत येईल का, हे सगळं पाहायचं. शेवटी कागदावर एक ओळ लिहायची: 'दप्तर पाहता हक्क निर्वेध आहे.' त्या ओळीवर माझी चूल पेटत असे.

लोकांना वाटतं, सरकारी दप्तर म्हणजे साहेबाचं गुपित. कसलं गुपित घेऊन बसलात! अर्ज करा, फी भरा, बाकावर बसा आणि हव्या त्याच्या बापजाद्यांचे व्यवहार वाचा. रजिस्ट्रार कचेरीत खरेदी-गहाणाचे दस्त आणि त्यांची सूची, तिथंच एका जाड बुकात दस्त करणाऱ्यांचे अंगठे. तलाठ्याकडे फेरफाराची वही; कोणी मेलं, कोणी विकलं, कोणाचे वारस लागले, ते सगळं तिच्यात. अट एकच, वाचायला बूड दगडाचं पाहिजे. चोपड्याचा एक गृहस्थ शेजाऱ्याचं घर घ्यायला निघाला होता. मी पाच दिवस बसलो आणि निघालं असं, की शेजाऱ्याचं घर शेजाऱ्याचंच आहे, पण ह्याचं स्वतःचं घरही कागदावर शेजाऱ्याचंच आहे. पुढे कित्येक महिने तो दर आठवड्याला येऊन मला हळूच विचारी, "नाना, कोणाला बोलला तर नाही ना?" मी बोललो नव्हतो. आज प्रथमच बोलतो आहे, आणि तो आता हयात नाही.

ही झाली गंमत. पण जी गोष्ट सांगायला बसलो आहे ती गमतीची नाही. ती मी बायकोलाही पुरी सांगितली नव्हती.

मानमोडीच्या तापाची मोठी साथ येऊन गेली, त्यानंतरची ही हकीकत. ज्यांनी ती साथ पाहिली नाही त्यांना काय सांगू! सकाळी अंग दुखतं म्हणून पडलेला माणूस तिसऱ्या दिवशी नसायचा. त्या सालच्या फेरफाराच्या वह्या मी वाचल्या आहेत. पानंच्या पानं 'मयत, मयत, मयत'. एका वहीत तर शाई पुढे पुढे फिकी होत गेलेली, कारण तलाठ्याने दौतीत पाणी घालून घालून पुरवलेली. मग अक्षर बदललेलं, कारण तो तलाठीही गेला.

या वह्यांवर ज्याची नजर पहिली गेली तो हस्तीमलशेठ. मारवाडातून आजोबांच्या काळी आलेलं घराणं, जळगावात कापसाचं जिनिंग. अंगाने किरकोळ, आवाज मऊ, पण डोकं असं की मामलेदाराने शिकवणी लावावी. तो म्हणायचा, "नाना, जमीन बाजार में नहीं मिलती, दप्तर में मिलती है." त्याची रीत साधी होती. ज्या खात्यावर घरचं कोणी उरलं नाही आणि लांबचा पुतण्या किंवा चुलतभाऊ वारस लागला आहे, अशी खाती मी हुडकायची. लांबच्या वारसाला जमिनीची माया नसते; तो स्वस्तात देतो. शेठ म्हणे, गाव वाढत वाढत पिंप्राळ्यापर्यंत जाईल, मग गिरणा नदीपलीकडे जाईल. आम्ही तोंडावर 'हो शेठजी' म्हणत असू आणि मागे हसत असू. तर मी असा मयतांच्या पानांवरून बोट फिरवत बसे, आणि वाईट वाटायचं म्हणाल तर तसं काही वाटत नसे. सवय झाली होती.

गिरणा ओलांडून धुळ्याच्या रस्त्याला एक गाव आहे. नाव लिहीत नाही. तिथला रस्त्यालगतचा एक नंबर शेठच्या मनात भरला. काळी जमीन, बारमाही पाण्याची विहीर. खातेदार दगूबाई, बापाची एकुलती एक, विधवा, मूलबाळ नाही; बापाने बक्षीसपत्र करून दिलेली जमीन. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून दगडावरून नाव ठेवलं, मरणाने उचलू नये म्हणून. पण फेरफारात लिहिलं होतं: 'दगूबाई मानमोडीने मयत. वारस चुलतभाऊ सुपडू.' आमच्या हिशेबात बसणारं अगदी गोजिरवाणं खातं.

पण त्या नोंदीपुढे मंजुरीची सही नव्हती.

इथे जरा थांबून सांगतो. तलाठ्याने फेरफार लिहिला म्हणजे झालं असं नाही. सर्कल इन्स्पेक्टर गावात येतो, चावडीत लोक जमवतो, नोंदी मोठ्याने वाचतो आणि विचारतो, "कोणाची हरकत?" हरकत नसली तर सही. असली तर हरकतदाराचं नाव लिहायचं. पण त्याआधी दोन पंचांनी सांगावं लागतं की हा माणूस अमुकच, आम्ही ओळखतो. तर या नोंदीपुढे दहा वर्षांत सात वेळा, सात निरनिराळ्या सर्कलांच्या हातचं, एकच वाक्य होतं: 'हरकत आली. हरकतदार इसमाची ओळख पटविण्यास पंच मिळाले नाहीत. सबब तहकूब.'

सात वेळा! हरकत येते म्हणजे कोणीतरी बोलतं. आणि भर गावात त्याला ओळखणारे दोघेही मिळत नाहीत? मी तलाठ्याला विचारलं. भला माणूस होता, आप्पा म्हणत त्याला. त्याने वही मिटली आणि म्हणाला, "नाना, दुसरा नंबर बघा ना. कितीतरी आहेत."

मी कसला ऐकतो! पुढच्या वाचनाला मी स्वतः गेलो.

भर दुपार होती. चावडीत पन्नासेक माणसं, दारात ऊन. सर्कलसाहेब मला कचेरीतून ओळखत होते, त्यांनी शेजारी बसवून घेतलं. आठ-दहा नोंदी झाल्या. लोक आपसात बोलत होते, तंबाखू मळत होते. हा नंबर निघाला आणि सगळी चावडी एकदम चूप झाली. साहेबांनी वाचलं. "कोणाची हरकत?"

"हरकत शे," दारातून आवाज आला. "मनी हरकत शे."

उंबऱ्याबाहेर एक बाई उभी होती. पन्नाशीची असेल, अंगावर विटलेलं हिरवट लुगडं, पदर कपाळापर्यंत. मी तिच्याकडे पाहिलं आणि मग लोकांकडे पाहिलं. एकाचीही मान वळली नव्हती. कोणी आवाज केला तर माणूस वळतो, इच्छा असो-नसो. कुत्रंसुद्धा कान टवकारतं. ही पन्नास माणसं समोर बघत बसली होती, पापणी न हलवता.

साहेबांनी विचारलं, "पाटील, ही बाई कोण?"

पोलीस पाटील म्हातारा, पागोटेवाला. त्याने दाराकडे बघितलं. अगदी सरळ तिच्या अंगावरून बघितलं आणि म्हणाला, "कोनती बाई, साहेब?"

साहेबांनी रुमालाने मान पुसली आणि 'तहकूब' लिहिलं. मी पुन्हा दाराकडे पाहिलं तेव्हा उंबऱ्यावर नुसतं ऊन होतं.

बाहेर आल्यावर मी आप्पाला धरलं. "खरं सांगा, नाही तर आज तुमच्याच घरी मुक्काम." तेव्हा तो बोलला. साथीत दगूबाई धुळ्याकडे मावसबहिणीला बघायला गेली आणि वाटेतच पडली. एका गाडीवानाने गावात निरोप आणला की ती गेली. प्रेत नाही, मग सुपडूने पळसाच्या पानांचा पुतळा केला, जाळला, दहावं-तेरावं केलं. खातं त्याच्या नावे लिहिलं गेलं. आणि दोन महिन्यांनी ती चालत आली. शेजारीण तिच्याशी बोलली, तिला पाणी दिलं. तिसऱ्या दिवशी त्या शेजारणीचं पोर गेलं.

"साथ होती हो," मी म्हणालो. "पोरं सगळ्यांचीच जात होती."

"ते मला कळतं," आप्पा म्हणाला. "पण गाव म्हणालं, ही दगूबाई नव्हे. हिच्याशी बोलेल त्याच्या घरातलं एक माणूस हिच्या जागी जातं. तेव्हापासून हे असं आहे. आणि नाना, खरं सांगू? मीही बोललेलो नाही. मला चार लेकरं आहेत."

मी शिकलेला माणूस. मी आप्पावर हसलो आणि तसाच उन्हातून शेताकडे गेलो. गाडी थांबवून ठेवली होती, परत फिरता आलं असतं. पण सात तहकुब्यांचं कोडं सुटत होतं आणि माझा स्वभाव असा की दप्तरातली गाठ दिसली की ती सोडवल्याशिवाय मला जेवण जात नाही.

विहिरीच्या काठावर एका सपाट दगडावर भाकरीचा चतकोर आणि कांदा ठेवलेला होता. पितरांना ठेवतात तसा. मी बघत असतानाच पाण्याला आलेल्या एका बाईने आणखी एक तुकडा ठेवला, पाठ फिरवली आणि न बघता निघून गेली. म्हणजे गाव तिला जेवायला घालत होतं. ओळख देत नव्हतं, पण उपाशीही ठेवत नव्हतं. एवढी वर्षं ती बाई मेलेल्यांच्या घासावर जगली होती. बांधावर पऱ्हाट्यांचं, कापसाच्या वाळक्या काड्यांचं, खोपट होतं, तिथून ती आली आणि माझ्यापासून दहा हातांवर थांबली.

"तू माले देखस ना, भाऊ?"

"हो अक्का."

"पुन्हा म्हन."

"हो अक्का, दिसता की तुम्ही. बसा."

ती मटकन खाली बसली आणि रडू लागली. मी तिच्याशी काय बोलावं? मला बाईमाणसाची समजूत घालता येत नाही. मी आपला दप्तरातला माणूस, मी विचारलं, "अक्का, जमीन परत पाहिजे का?"

"जमीन सुपडूले राहू दे. माले काय करनी शे? पन मनं मरन खोडी टाक."

"ते का?"

"जवय मी खरी मरसू, तवय माले कोन जाळी?" ती म्हणाली. "त्या म्हनतीन, तिले ते जाळेल शे. पळसना पानेसनं मढं जाळं त्यासनी. मी खोपटामा पडी राहसू आनि कोनी देखाव नई." मग डोळे पुसून हसल्यासारखं केलं. "बठ्ठा लोक म्हनतस मी मरेल शे. मालेबी कधी कधी तसंच वाटस."

तिचं मागणं एवढंच होतं: मरण खोडा, म्हणजे मरता येईल. मला ते लगेच पटलं, कारण आमच्या धंद्यात कागदावरचं मेलेलं माणूस जिवंत करणं किती अवघड असतं हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? मी म्हणालो, "अक्का, साथीच्या आधी कधी कचेरीत अंगठा दिला होता?" दिला होता. विहिरीच्या पाण्याची अर्धी पाळी शेजाऱ्याला तिनेच लिहून दिली होती, रजिस्टर दस्ताने. त्याच पाण्यावर शेजाऱ्याचा मळा हिरवा होता. माझ्या पिशवीत शाईची डबी असेच. मी तिचा डावा हात धरला, अंगठा डबीत दाबला आणि कागदावर उठवला. हात थंड होता. विहिरीवरून आली होती, ओला असणारच. मी म्हणालो, "पुढच्या वाचनाला मी पंच होईन. एक मी, दुसरा साहेबांचा शिपाई. साहेब माझं ऐकतात. तुम्ही या."

"येसू," ती म्हणाली.

गाडीत बसल्यावर कागद नीट पाहिला. अंगठा उठला होता, पण त्यात रेषा नव्हत्या. गोल काळा डाग आणि त्यातून तिरपी गेलेली एक पांढरी रेघ, बस्स. दुसऱ्या दिवशी रजिस्ट्रार कचेरीत अंगठ्याचं बुक काढलं. दगूबाईचा जुना अंगठा सापडला. भोवऱ्याच्या स्वच्छ वळ्या, आणि त्यांवरून तिरपी गेलेली तीच रेघ. विळ्याचा जुना घाव असणार. माझी खात्री पटली. मातीत आणि दगडात राबणाऱ्यांचे अंगठे असे गुळगुळीत होतात, मी पुष्कळ पाहिले होते. पण कारकुनाने माझा कागद उजेडाला धरला आणि म्हणाला, "नाना, ह्यात वळ्या कुठे आहेत? हा काय माणसाचा अंगठा झाला?" त्याने तो कागद मला परत देताना दोन बोटांच्या चिमटीत धरला होता.

शेठला मी सगळं सांगितलं. त्याने हिशेबाची वही बाजूला सारली. मग म्हणाला, "नाना, बाई असेल तर मी बाईकडून घेतो. तिला मरेपर्यंत शेतात राहू देतो, लिहून देतो. बाई नसेल तर सुपडूकडून घेतो. मला दोन्ही चालेल. फक्त तुम्ही सांगा, आहे की नाही?"

"आहे," मी म्हणालो.

"मग चावडीत म्हणा."

त्याने माझ्यावर काही दडपण आणलं असतं तर आज त्याच्या डोक्यावर खापर फोडून मी मोकळा झालो असतो. तीही सोय त्याने ठेवली नाही.

वाचनाच्या आदल्या दिवशी माझ्या मुलीला ताप आला. सात वर्षांची होती. सकाळी मी निघालो तेव्हा अंग चटका बसावा इतकं तापलेलं, आणि ती डोळे उघडून माझ्याकडे न बघता दाराकडे बघत होती. मी विचारलं, "कोण आहे गं?" तर म्हणाली, "ती बाई." मी वळून पाहिलं. दारात कोणी नव्हतं. माझी बायको म्हणाली, तापात बरळते आहे. दगूबाईचं नावसुद्धा मी घरात काढलं नव्हतं.

मी गिरणा कशी ओलांडली मला आठवत नाही.

चावडी भरली होती. साहेबांनी आल्याआल्या सांगितलं की तहकुब्या फार झाल्या, मामलेदारांचा हुकूम आहे, आज निकाल लावायचा. म्हणजे आज नाही तर कधीच नाही. नंबर निघाला, सगळे चूप झाले.

"हरकत शे."

ती आली होती. डोक्याला तेल लावलं होतं, लुगडं धुतलेलं होतं. कचेरीच्या कामाला जाताना माणूस जसा आवरून जातो तशी. साहेब माझ्याकडे वळले. "नाना, तुम्ही म्हणाला होता. या बाईला तुम्ही ओळखता?"

ती माझ्याकडे बघत होती. आणि त्या क्षणी चावडीतली पन्नास माणसंही माझ्याकडे बघत होती. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. दया होती. ह्याच्या घरी कोण आजारी आहे, हे जणू त्यांना ठाऊक होतं.

मी म्हणालो, "कोणती बाई, साहेब?"

अहो, तोंडातून तेच शब्द निघाले! मी 'नाही' म्हणणार होतो, निदान 'नाही ओळखत' म्हणणार होतो. निघाले ते पाटलाचे शब्द. साहेबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सही केली. नोंद मंजूर झाली. दाराकडे बघायचं माझं धाडस झालं नाही.

घरी पोचलो तर मुलगी उठून भात खात होती. दुपारीच ताप उतरला, बायको म्हणाली. वेळ विचारली तर वाचनाचीच. मुलीला आज चार लेकरं आहेत, रावेरला केळीच्या बागाइतदाराकडे दिली आहे, माझी लाडकी आहे. तिच्याकडे पाहिलं की मला आनंद होतो आणि त्याच वेळी लाजही वाटते. हे दोन्ही मी कधी वेगळं करू शकलो नाही.

शेठला कागद लिहून दिला: 'दप्तर पाहता हक्क निर्वेध आहे.' त्याने वाचला, माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता घडी घातली. सुपडूकडून खरेदी झाली. दोन महिन्यांनी मोजणी होती, शेठने मला पाठवलं. त्याचा गाडीवान आणि मी असे दोघेच सरकारी मोजणीदाराआधी पोचलो.

विहिरीच्या दगडावर भाकरीचे तुकडे साचले होते. खालचे वाळून खडखडीत झालेले, वरचा आजचा. कोणी उचलले नव्हते, तरी रोज कोणीतरी ठेवत होतं. मी समजलो. खोपटापर्यंत गेलो. आत ती होती. किती दिवस झाले होते ते सांगत नाही. वीस पावलांवरून लोक पाणी भरून जात होते, आणि वारा तिकडूनच येत होता. तरी कोणी नाकाला पदर लावला नव्हता.

मी सुपडूकडे गेलो. म्हणालो, तुझी बहीण आहे, चल. तो बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "मनी बहीन मानमोडीमा गयी, नाना," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, पण तो हलला नाही.

मग गाडीवानाने आणि मी तिच्याच शेतात तिला जाळलं. त्याच खोपटाच्या पऱ्हाट्या, बांधावरची बाभळीची वाळकी लाकडं. मी अग्नी दिला. मंत्र येत नव्हते, राम राम म्हटलं. मोजणीदार आला तो लांबूनच धूर बघून परत गेला. बायका पाणी भरत होत्या, रहाटाचा आवाज येत होता, आणि धूर सरळ वर जात होता.

राख निवल्यावर मी पाटलाकडे गेलो आणि म्हणालो, मरणाच्या बुकात लिहा. त्याने बुक काढलं, साथीच्या सालाचं पान उघडलं, बोट ठेवलं. "हाई नाव लिखेल शे. एक बाईनं मरन दोनदाव कसं लिखू?" हे तो बुकाकडे बघून बोलला. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नाही. गावातून निघताना एका घरी पाणी मागितलं तर बाईने ऐकलं नाही; मला वाटलं, कामात असेल.

वर्षं गेली. मी अनेक जमिनींच्या कुंडल्या काढल्या, पण त्या गावची कामं घेतली नाहीत. हस्तीमलशेठ वारला. गेल्या उन्हाळ्यात त्याच्या मुलांनी वाटण्या केल्या आणि तो नंबर पुन्हा फेरफाराला लागला. मला वाटलं, हीच वेळ. बायको गेली, मुलगी तिच्या घरी सुखी, मला आता कशाची भीती? जुन्या नोंदीतलं मरण चुकीचं आहे, खरं मरण नंतरचं आहे आणि अग्नी मी दिला आहे, हे दप्तरात लिहून घ्यायचं. कागद उशिरा का होईना खरा करायचा. तो अंगठ्याचा कागदही मी जपून ठेवला होता, तो बरोबर घेतला.

चावडी तीच. पाटील नवा, तलाठी नवा, सर्कल धुळ्याकडून नुकताच बदलून आलेला तरुण पोरगा. त्याने मला कधी पाहिलेलं नव्हतं. आत जागा नव्हती म्हणून मी दारात उभा राहिलो. नंबर वाचला. लोक चूप झाले.

"हरकत आहे," मी म्हणालो. "माझी हरकत आहे."

एकाचीही मान वळली नाही.

सर्कलने मला पाहिलं. त्याने नव्या पाटलाला विचारलं, "हे गृहस्थ कोण?" पाटलाने दाराकडे बघितलं, माझ्या अंगावरून सरळ. मी माझं नाव सांगितलं, मोठ्याने सांगितलं, दोनदा सांगितलं. सुपडूचा मुलगा पुढेच बसला होता. खरेदीच्या वेळी तो लहान होता, मी त्याला गाडीत बसवलं होतं. त्याचं नाव घेऊन हाक मारली. तो समोर बघत राहिला. सर्कल बिचारा गांगरला, त्याने लिहिलं ते मला दारातून वाचता आलं, उलटं वाचायची सवय आहे: 'हरकत आली. हरकतदार इसमाची ओळख पटविण्यास पंच मिळाले नाहीत. सबब नोंद मंजूर.'

चाळीस वर्षं मी सरकारी बुकं वाचली. त्यांत माझ्याबद्दलची ओळ एवढीच, आणि तिच्यात माझं नाव नाही.

मी बाहेर पडलो. ऊन रणरणत होतं, जळगावची मोटर संध्याकाळची होती, सकाळपासून पोटात काही नव्हतं. चालत चालत विहिरीपाशी गेलो आणि काठावर बसलो. थोड्या वेळाने एक बाई पाण्याला आली. तिने घागर भरली, कनवटीतून काहीतरी काढलं, माझ्या शेजारच्या सपाट दगडावर ठेवलं, पाठ फिरवली आणि न बघता निघून गेली. भाकरीचा चतकोर होता, आणि कांदा.

मी तो खाल्ला.